फोटोतली शांतता, फुप्फुसातली घाई

पाण्याखालून टिपलेलं एक कृष्णधवल छायाचित्र गेली पाऊणशे वर्षं जगभर फिरतं आहे. लांब पांढऱ्या झग्यातली एक तरुणी पाण्यात उताणी तरंगते आहे. हात सैल, पावलं सैल, झग्याचं कापड अंगाभोवती संथपणे पसरलेलं. टोनी फ्रिसेल या अमेरिकी छायाचित्रकर्तीने १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या वीकी वाची या झऱ्यात ते टिपलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते ‘हार्पर्स बझार’मध्ये छापून आलं आणि १९६२ मध्ये बिल इव्हान्स व जिम हॉल या जॅझ वादकांच्या ‘अंडरकरंट’ या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर झळकलं. पाहणाऱ्याला क्षणभर वाटतं, ही बाई बुडते आहे, किंवा पाण्यातच झोपली आहे. नीट पाहिलं की लक्षात येतं, तिचा चेहरा पाण्याच्या वर आहे. म्हणजे या कलाप्रकारातल्या बहुधा सर्वांत गाजलेल्या चित्रात मॉडेलला श्वास रोखावाच लागलेला नाही.

पुढच्या पिढ्यांनी मात्र चेहराही पाण्याखाली नेला. पाण्यात उलगडणारे शालू, तरंगणारे केस, मिटलेले डोळे, मिठी मारलेलं जोडपं. अशी चित्रं आता फक्त कलादालनांत आणि फॅशन मासिकांत दिसत नाहीत. प्री-वेडिंग आणि गरोदरपणातल्या फोटोशूटच्या निमित्ताने ती आपल्या मोबाइलपर्यंत आली आहेत, आणि शहराजवळच्या एखाद्या रिसॉर्टचा तलाव अर्ध्या दिवसासाठी घेऊन ती काढून देणारे छायाचित्रकारही मिळू लागले आहेत. चित्र जितकं शांत, तितकं त्यातल्या माणसाचं शरीर कामात असतं. ते काम काय असतं, आणि ते कुठे अंगाशी येऊ शकतं, हे तलावात उतरण्याआधी माहीत असलेलं बरं.

सुरुवात श्वासापासून करू. श्वास रोखल्यावर काही वेळाने छातीत जी घुसमट होते, ती ऑक्सिजन संपत आला म्हणून होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत गेला, की मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र चाळवतं आणि ‘आता श्वास घे’ असा हुकूम सोडतं. ऑक्सिजन किती उरला आहे, याकडे हे केंद्र एरवी फारसं पाहत नाही. रोजच्या जगण्यात त्याने बिघडत नाही, कारण एक वाढतो तेव्हा दुसरा घटत असतोच. पण हा जोड तोडता येतो. पाण्यात शिरण्याआधी दहा-वीस वेळा जोरजोरात, खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. ऑक्सिजन मात्र त्या मानाने वाढत नाही, कारण निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन मुळातच ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं असतं. आता हा माणूस पाण्याखाली गेला, तर घुसमट उशिरा सुरू होते. त्याला वाटतं, दम वाढला. खरं तर फक्त धोक्याची घंटा बंद पडलेली असते. ती वाजायच्या आधीच ऑक्सिजन इतका खाली येऊ शकतो की शुद्ध हरपते.

याला उथळ पाण्यातली बेशुद्धी म्हणतात. अल्बर्ट क्रेग या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये पाण्याखाली पोहताना शुद्ध हरपण्याच्या घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही आधी घेतलेल्या जोरदार श्वासांचा हाच धागा होता. ही बेशुद्धी नवशिक्यांपेक्षा बऱ्यापैकी पोहता येणाऱ्यांना जास्त गाठते, कारण घुसमट दाबून ‘अजून पाच सेकंद’ काढण्याची जिद्द त्यांच्यात असते. तिला खोल समुद्र लागत नाही, कमरेएवढं पाणी पुरतं. आणि ती गाजावाजा करत नाही. हातपाय झाडणं नाही, ओरडणं नाही. माणूस सैल पडतो, डोळे अर्धवट मिटतात, हात तरंगू लागतात.

आता हेच वर्णन पुन्हा वाचा. सैल अंग, मिटलेले डोळे, तरंगणारे हात. छायाचित्रकार मॉडेलकडे नेमकं हेच तर मागत असतो. पोहण्याच्या तलावावरचा जीवरक्षक निश्चल शरीर दिसलं की धावतो. फोटोशूटमध्ये निश्चल शरीर म्हणजे ‘छान, तशीच राहा’. पोझ कुठे संपली आणि बेशुद्धी कुठे सुरू झाली, हे कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून पाहणाऱ्याला कळणं जवळपास अशक्य आहे. या प्रकारातला सर्वांत मोठा धोका मला इथे दिसतो. म्हणून मॉडेलकडे पाहणारी, आणि फक्त तिच्याकडेच पाहणारी, एक वेगळी व्यक्ती पाण्यात असायला हवी. तिच्या हातात कॅमेरा नको, झग्याची चूण सरळ करायचं कामही नको.

यात आणखी एक गुंता आहे, आणि तो तरंगण्याचा आहे. फुप्फुसात एक लिटर जादा हवा असली की शरीराला साधारण एक किलो जादा उचल मिळते. छाती भरून श्वास घेतलेला माणूस बुचासारखा वर येतो. खाली राहायचं, आणि तेही हातपाय न मारता, तर हवा सोडावी लागते. शिवाय गाल फुगवून धरलेला श्वास फोटोत विचित्र दिसतो. त्यामुळे सराईत मॉडेल निम्मी-अधिक हवा बुडबुड्यांतून सोडून देते, खाली बसते आणि मग चेहरा सैल करते. म्हणजे जो साठा सोबत न्यायचा, तोच दारात ठेवून आत जायचं. स्वस्थ बसलेलं शरीर मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन खर्च करतं. पाण्यात कापड ओढत वळायचं तर त्याहून बरंच जास्त. त्यामुळे एकेक पोझ २०-३० सेकंदांपलीकडे नेण्यात अर्थ नसतो. दोन-तीन मिनिटं श्वास रोखणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून कुणी स्वतःशी तुलना करू नये. ती माणसं त्यासाठी प्रशिक्षण घेतात, एकटी कधीच पाण्यात जात नाहीत, आणि पाण्याखाली जितका वेळ गेला त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती घेतात. फोटोशूटमध्ये नेमकी ही विश्रांतीच कापली जाते, कारण तलाव तासाच्या हिशेबाने घेतलेला असतो.

शरीर आपल्या परीने मदत करतं, हेही सांगायला हवं. चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि श्वास थांबला, की चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेकडून मेंदूला खबर जाते. मग हृदयाचे ठोके मंदावतात आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे रक्त मेंदू आणि हृदयासाठी राखलं जातं. सील, बदक, माणूस, सगळ्यांत ही युक्ती आहे. सीलमध्ये ती जबरदस्त, माणसात बेताची. पण ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय मुळात बिघडलेली असते, त्यांना ठोके असे एकाएकी मंदावणं त्रासाचं ठरू शकतं. त्यांनी, तसंच अपस्माराचे झटके येणाऱ्यांनी, हा हौसेचा खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मोठ्या निर्मितीत मॉडेलला दर वेळी वर यावं लागत नाही. शेजारी थांबलेला पाणबुड्या स्कूबाच्या टाकीतली हवा तोंडाशी देतो, ती दोन-चार श्वास घेते, नळी बाजूला होते, फोटो निघतो, पुन्हा नळी. वीकी वाचीत १९४७ पासून जलपरींचे खेळ चालतात, तेही असेच. न्यूटन पेरी या माजी पोहण्याच्या प्रशिक्षकाने झऱ्यात हवेच्या नळ्या सोडल्या, आणि शेपूट चढवलेल्या मुली त्यातून श्वास घेत पाण्याखाली नाचू लागल्या. पद्धत सोयीची, पण तिच्यात एक सापळा आहे. पाण्याखाली नळीतून घेतलेली हवा त्या खोलीच्या दाबाची असते. दोन मीटरवर दाब पृष्ठभागापेक्षा सुमारे २० टक्के जास्त असतो. तिथे पाच लिटर हवा भरून, तोंड मिटून कुणी सरळ वर आलं, तर ती हवा सहा लिटर व्हायला पाहते. फुप्फुस रबरी फुगा नव्हे. ते फाटू शकतं, आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. वरून श्वास घेऊन खाली गेलेल्याला हा धोका नाही, कारण त्याची हवा वर आल्यावर मूळ आकाराचीच होते. म्हणून नियम उलटा आहे. नळीतून हवा घेतली असेल, तर वर येताना श्वास रोखायचा नाही, तो सोडत सोडत यायचं. घाबरलेला नवखा माणूस नेमकं तोंड घट्ट मिटून वर झेपावतो. पोहण्याच्या तलावात ‘जरा टाकीतून घ्या ना हवा’ असं कुणी सहज सुचवलं, तर प्रशिक्षण नसलेल्याने सरळ नाही म्हणावं. आणि गरोदर स्त्रियांना स्कूबाची हवा घेऊन पाण्याखाली जाऊ नये, असाच वैद्यकीय सल्ला आहे. पोटातल्या बाळाच्या फोटोसाठी वरून उतरून, काही सेकंदांपुरतं, उबदार पाण्यात आणि आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून, इतकंच.

डोळ्यांचा भाग जरा गमतीचा आहे. फोटोत मॉडेल रोखून कॅमेऱ्याकडे पाहते, तेव्हा प्रत्यक्षात तिला कॅमेरा दिसत नसतो. आपल्या डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायऑप्टर, त्यातली दोन तृतीयांश एकट्या कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची. हवेतून आलेला प्रकाश या पडद्यात शिरताना जोरात वळतो. पण पाणी आणि कॉर्निया यांचे अपवर्तनांक जवळपास सारखे, त्यामुळे पाण्याखाली ही वळणारी शक्ती बहुतेक नाहीशी होते. चाळीसच्या आसपास प्लस नंबरचा चष्मा लागलेल्याने तो काढून ठेवावा, तसं होतं. समोर दिसतो तो फक्त रंगांचा राळा. यालाही अपवाद सापडले. थायलंडच्या किनाऱ्यावरच्या मोकेन या समुद्रभटक्या लोकांची मुलं पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुपटीहून अधिक स्पष्ट पाहतात, असं आना गिस्लेन या स्वीडिश संशोधिकेने २००३ मध्ये दाखवलं. ती मुलं पाण्यात बाहुली अगदी बारीक करतात आणि नेत्रभिंगाचा फुगवटा वाढवतात. पुढे महिनाभराच्या सरावाने स्वीडिश मुलांनाही ते साधलं. प्रौढांचं भिंग तितकं लवचिक राहत नाही, तेव्हा आपल्याला ही आशा नको.

दिसत नाही म्हणून लेन्स घालून उतरणं हा मात्र वाईट उपाय. पाण्यातला अकांथअमीबा नावाचा एकपेशीय जीव लेन्सखाली अडकला तर कॉर्नियाला चिवट जंतुसंसर्ग होतो, आणि त्यात नजर जाऊ शकते. लेन्स नसली तरी डोळे उघडे ठेवून दोन तास गोड्या पाण्यात काढले की अश्रूंपेक्षा कमी खारट पाणी कॉर्नियात शिरतं, ती किंचित सुजते आणि संध्याकाळी दिव्यांभोवती इंद्रधनुषी कडी दिसतात. क्लोरीनची चुरचुर वेगळीच. कडी काही तासांत जातात. दुसऱ्या दिवशीही डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावं, घरातले जुने थेंब घालू नयेत.

सूचना द्यायची म्हणून छायाचित्रकार एखाद्या धातूच्या वस्तूवर टकटक करतो. मॉडेलला ते ऐकू येतं, पण कुठून, ते कळत नाही. हवेत दोन्ही कानांवर आवाज पोहोचण्यात जो सूक्ष्म फरक असतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात ध्वनी चौपटीहून वेगाने धावतो आणि तो फरक जवळपास पुसला जातो. न दिसणं, दिशा न कळणं आणि अंगाभोवती मीटरन्‌मीटर कापड. नऊवारीचंच कापड सुमारे आठ मीटर भरतं. पाण्यात ते हलकं वाटतं, पण पायांत गुंतलं तर सुटता सुटत नाही, आणि बाहेर पडताना शोषलेल्या पाण्यासकट अंगावर बसतं. मोठ्या घेराचे पोशाख एका झटक्यात उतरवता येतील असे, वेल्क्रो किंवा सैल गाठींवर, बांधून घ्यायचे असतात. खाली हलक्या पोहण्याच्या कपड्यांचा थर असायचाच.

हे सगळं सोसून लोक पाण्याखाली का जातात, याचं उत्तर प्रकाशात आहे. पाण्याखालून वर पाहिलं तर सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत मावलेलं दिसतं. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो, कारण ठरावीक कोनापेक्षा तिरका आलेला प्रकाश पाण्यातून बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. डोक्यावर उलटी लटकलेली दुसरी बाई, असं जे दृश्य या चित्रांत दिसतं, ते संगणकावर जोडलेलं असेलच असं नाही. आरसा तिथे फुकट मिळतो. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये पाणी भरलेल्या कॅमेऱ्याने माशाला जग कसं दिसत असेल ते टिपलं आणि ‘फिश-आय’ हा शब्द रूढ केला, तोही याच खिडकीमुळे.

दुसरी गोष्ट रंगांची. पाणी आधी लाल रंग गिळतं. काही मीटर खोलीवरच लाल मळकट तपकिरी होतो, आणखी खाली रक्तही हिरवट दिसतं. हे अंतर फक्त खोलीचं नसतं, दिव्यापासून चेहऱ्यापर्यंत आणि चेहऱ्यापासून भिंगापर्यंतचा पाण्यातला सगळा प्रवास त्यात धरावा लागतो. म्हणून रुंद कोनाचं भिंग लावून छायाचित्रकार हातभर अंतरावर येतो, आणि पाण्यातले कण चांदण्यांसारखे चमकू नयेत म्हणून दिवे समोर न धरता दोन्ही बाजूंना धरतो. क्रिस्टी ली रॉजर्स या हवाईच्या कलावतीने तर कॅमेरा पाण्यात न्यायचंच टाळलं. रात्री तलावाच्या काठावरून, पाण्याच्या हलत्या पृष्ठभागातून ती आतल्या माणसांना टिपते. अपवर्तनाने आकृत्या वाकतात, आणि चित्रं सतराव्या शतकातल्या युरोपीय तैलचित्रांसारखी दिसतात.

या कलेचा इतिहास शोधकांच्या खटपटीचा आहे. लुई बुतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये बानयुल्स इथे समुद्राखाली फोटो काढले, तेव्हा एकेका फोटोसाठी अर्ध्या तासापर्यंत उजेड द्यावा लागे. असा काळ माणसाने कसा स्थिर राहायचा? मग तिथेच १८९९ मध्ये एमिल राकोविट्झा या रोमानियन शास्त्रज्ञाचा पाणबुड्याच्या पोशाखातला फोटो निघाला. फ्लोरिडाच्या सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये ब्रूस मोझर्ट याने पत्र्याची जलरोधक पेटी स्वतः ठोकून बनवली आणि पाण्याखाली स्वयंपाक करणाऱ्या, फोनवर बोलणाऱ्या बायका टिपल्या. शेगडीचा धूर हवा असला की तो आत आटवलेल्या दुधाचा डबा ठेवी. दुधातला स्निग्धांश हळूहळू वर चढे आणि धुरासारखा दिसे. मला त्याची ही युक्ती कुठल्याही महागड्या दिव्यापेक्षा आवडते.

दिव्यांवरून आठवलं. आपल्याकडे तलावाच्या काठावर मोठे फ्लॅश एक्स्टेन्शन बोर्डावरून जोडलेले दिसतात, आणि आजूबाजूला ओल्या अंगाने वावरणारी माणसं. इथे बॅटरीवर चालणारे दिवेच हवेत. घरगुती विजेची वायर तलावाजवळ आलीच असेल, तर वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर बसवला आहे का, हे विचारून मगच पाण्यात उतरावं. पाण्याच्या तापमानाचीही चौकशी करावी. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. वीकी वाचीचं पाणी बारमाही २३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि तिथल्या जलपरींना खेळ संपल्यावर ऊब घ्यावी लागते. डिसेंबरातल्या पुण्या-नाशिकच्या उघड्या तलावाची गत वेगळी नसते. ओठ निळे पडले, शब्द अडखळू लागले, की काम थांबवायचं. थंडीने कुडकुडणारं शरीर ऑक्सिजनही झपाट्याने खर्च करतं. सर्दी झालेली असेल तर तो दिवस पुढे ढकलावा. दीड-दोन मीटरवरही कान दडपतो, आणि नाक चोंदलेलं असताना जोर लावून तो मोकळा करू पाहिला तर पडद्याला इजा होते.

बुकिंग करताना लोक किती फोटो मिळतील ते विचारतात. त्याऐवजी, पाण्यात मॉडेलवर लक्ष ठेवायला कोण असेल आणि त्याला जीवरक्षणाचं प्रशिक्षण आहे का, हे आधी विचारावं. वर आल्यावरही पहिला अर्धा मिनिट त्या व्यक्तीने नजर हटवायची नसते, कारण ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात आणि बेशुद्धी कित्येकदा डोकं पाण्याबाहेर आल्यावर येते. ओठ, नजर आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर, तिन्ही ठीक असेपर्यंत तिचा हात काठावर असावा.

आणि कुणी बेशुद्ध झालंच, तर आधी चेहरा पाण्याबाहेर. बाहेर काढून पाठीवर झोपवा, श्वास आहे का पाहा, कुणाला तरी १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगा. श्वास नसेल तर हनुवटी वर उचलून, नाक दाबून, तोंडाने श्वास द्या आणि मग छातीवर दाब सुरू करा. बुडालेल्या माणसात हृदय थांबण्याचं मूळ कारण ऑक्सिजनचा अभाव हे असतं, म्हणून इथे नुसते दाब पुरत नाहीत. पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरून हलवणं, खांद्यावर टाकून धावणं, हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यात जाणारं एकेक मिनिट मेंदूच्या खात्यातून वजा होतं, आणि पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जायची भीती असते ती वेगळी. जागेवरच शुद्ध आली, माणूस हसू-बोलू लागला, तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायचं. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, राहिलेल्या दोन पोझसाठीसुद्धा नाही.